सैपाकघरातल्या लाकडी आलमाऱ्या: कमी खर्चात काय घ्यावं, काय टाळावं

घराचं काम काढलं की ओट्याखालच्या आणि ओट्यावरच्या आलमाऱ्यांबद्दल जे प्रश्न वारंवार येतात, त्यांची उत्तरं इथे आहेत. उदाहरणासाठी सगळीकडे १० फूट लांबीचा, कडप्प्याच्या उभ्या पट्ट्यांवरचा ओटा धरला आहे. विदर्भातल्या खेड्यांत तोच सर्वात जास्त दिसतो.

१. ओटा कडप्प्याचा आहे. मॉड्युलरसारखी पूर्ण लाकडी पेटी करावी लागते का?

नाही. मुळात तिथेच निम्मा खर्च वाचतो. पूर्ण पेटीला दोन्ही बाजू, तळ, पाठ आणि मधले कप्पे असं सगळं प्लायचं लागतं, आणि हा सगळा प्लाय नेमका ओल आणि वाळवीच्या तोंडी जातो. कडप्पा भिजून फुगत नाही, त्याला कीडही लागत नाही. तेव्हा पेटी दगडाचीच राहू द्या. तिला समोरून लाकडी चौकट बसवा आणि चौकटीला पल्ले लावा. पाठीला प्लाय लावू नका. भिंतीला टाइल किंवा नुसता चुना पुरतो. ओली भिंत प्लायने झाकली की बुरशी मागच्या बाजूने सुरू होते आणि कळेपर्यंत उशीर झालेला असतो.

चौकट कडप्प्याच्या कडेत स्क्रू मारून बसवू नका, सव्वा इंची दगड कडेला फुटतो. उभं लाकूड कडप्प्याला लागून उभं करायचं, दगडाच्या कडेपासून २ इंच आत आरपार भोक पाडायचं आणि ६ मिमीचा ३ इंची नट-बोल्ट घालायचा. भोक पाडताना ड्रिलचा हॅमर बंद ठेवा.

२. १० फुटाच्या ओट्याला माल किती लागतो?

२ फुटांचे ५ खण आणि प्रत्येक खणाला दोन पल्ले, म्हणजे एकूण १० पल्ले (सिलिंडरचा खण ओट्याखाली असेल तर तो उघडा, म्हणजे ८; प्रश्न १५ पाहा). ओट्याची उंची ३४ इंच धरली, त्यातून वरचा दगड आणि खालची ४ इंचांची पायाची जागा वजा केली की पल्ला साधारण २७ इंच उंच आणि पावणेबारा इंच रुंद येतो. ८ × ४ फुटांच्या प्लायमध्ये रुंदीत ४ आणि लांबीत ३ असे १२ पल्ले निघतात. म्हणजे १८ मिमीची एकच शीट पुरते आणि दोन पल्ले शिल्लक राहतात. मात्र करवतीच्या पात्याची ३ मिमी जाडी हिशेबात धरा आणि कापण्याआधी शीटवर पेन्सिलने आखणी करून घ्या. सुताराने एक पल्ला १२ इंचांच्या वर नेला, तर दुसरी शीट लागलीच म्हणून समजा.

चौकटीला २ आडव्या १० फुटी पट्ट्या आणि ६ उभ्या अडीच फुटी, एकूण ३५ फूट. अडीच × दीड इंच छेदाचं लाकूड असेल तर हिशेब असा: ३५ × २.५ × १.५ ÷ १४४ = ०.९१ घनफूट. रंधा आणि कापणीची घट धरून सव्वा घनफूट घ्या. दीड इंचाची बाजू समोर ठेवायची. ती का, ते प्रश्न १२ मध्ये आहे.

बाकी सामान: बाहेरून १ मिमीचा मायका १ शीट, आतून ०.८ मिमीचा १ शीट, कडेची पट्टी २२ मीटर, बिजागऱ्या २० नग (१० जोड्या), हँडल १०. आतला मायका वाचवायचा मोह होतो, पण एकाच बाजूला मायका लावलेला पल्ला पहिल्याच पावसाळ्यात धनुष्यासारखा वाकतो.

३. एमआर, बीडब्ल्यूआर, मरीन: सैपाकघराला कोणता प्लाय?

ओट्याखाली बीडब्ल्यूआर (उकळत्या पाण्यातही टिकणारा). मोरी किंवा सिंकखालच्या खणाला परवडलं तर मरीन, म्हणजे बीडब्ल्यूपी. एमआर फक्त कोरड्या खोलीतल्या आलमारीला.

एमआर म्हणजे दमटपणा सोसणारा. पाणी सोसणारा नव्हे, आणि दुकानात हे दोन्ही एकच असल्यासारखं सांगितलं जातं. फरक गोंदात आहे. एमआरला युरियाचा गोंद असतो, तो सतत ओल लागली की सुटतो. बीडब्ल्यूआर आणि मरीनला फिनॉलचा गोंद असतो, तो उकळत्या पाण्यातही टिकतो. बीडब्ल्यूआर आयएस ३०३ या भारतीय मानकात येतो, मरीन आयएस ७१० मध्ये. मरीनच्या गोंदाची चाचणी ७२ तास उकळून होते.

सगळं मरीन घ्या असा आग्रह दुकानदार धरतो. १० फुटांच्या कडप्प्याच्या ओट्याला त्याची गरज नसते. तो पैसा बिजागऱ्यांत घाला.

४. शिक्का आहे, पण माल खरा की खोटा कसं ओळखायचं?

शीटवर आयएसआय चिन्हासोबत मानकाचा क्रमांक आणि ‘सीएम/एल’ने सुरू होणारा परवाना क्रमांक छापलेला असतो. तो क्रमांक भारतीय मानक ब्युरोच्या ‘बीआयएस केअर’ ॲपमध्ये टाकला की कंपनीचं नाव आणि परवाना चालू आहे की नाही ते दिसतं. शिक्का एका नावाचा आणि ॲपमध्ये दुसरंच नाव आलं, तर माल परत.

त्यानंतर कड पाहा. थर सारख्या जाडीचे हवेत, मधे पोकळ्या नकोत. बोटाने ठोकत शीटभर फिरा, आवाज जिथे पोकळ येतो तिथे आत थर जुळलेला नाही. गोंदाची रेघ गडद तपकिरी असली की बीडब्ल्यूआर, असं सांगतात, पण त्या रंगावर विसंबू नका. रंग टाकूनही रेघ गडद करता येते.

खात्रीचा उपाय घरचाच: दुकानातून २ × २ इंचांचा तुकडा मागा आणि पातेल्यात ४ तास उकळा. एमआरचे थर सुटतात, बीडब्ल्यूआरचे सुटत नाहीत. उकळल्यावर तुकडा थोडा फुगतोच, तेवढ्यावरून माल नाकारू नका. थर नखाने उचकटतात का, एवढंच पाहायचं.

५. पार्टिकल बोर्ड, एमडीएफ, पीव्हीसी स्वस्त पडतात. घ्यावेत का?

पार्टिकल बोर्ड, म्हणजे भुसा दाबून केलेली फळी, ओट्याखाली नको. पुसताना कडेतून पाणी शिरलं की भुसा फुगतो आणि परत बसत नाही. बिजागरीचा स्क्रू एकदा निसटला की त्याच भोकात पुन्हा धरत नाही. एमडीएफही (लाकडाचे बारीक तंतू दाबून केलेला) पाण्यात फुगतो, फक्त थोडा उशिरा. दोन्ही वरच्या कोरड्या, हलक्या आलमारीला चालतील.

पीव्हीसी किंवा डब्ल्यूपीसीला (लाकडाचा भुसा मिसळलेलं प्लॅस्टिक) पाणी आणि वाळवीचं भय नाही, म्हणून सिंकखालच्या खणाला तो पर्याय उत्तम आहे. शेगडीजवळ आणि चुलीजवळ मात्र नको, उष्णतेने मऊ पडून वाकतो. एकाच ओट्याला सिंकखाली पीव्हीसी आणि बाकी प्लाय, वरून एकाच रंगाचा मायका, असं केलं तरी दिसायला फरक पडत नाही. मायका आणि पीव्हीसी जोडायचा गोंद मात्र वेगळा असतो, लाकडाचा पांढरा गोंद तिथे धरत नाही.

६. शेताच्या धुऱ्यावर (बांधावर) १२–१५ वर्षांचा साग आहे. तोच तोडून वापरू का?

चौकटीपुरता वापरता येईल, पण काही अटींवर. कोवळ्या सागात बाहेरचा पांढुरका भाग जास्त आणि आतला सोनेरी-तपकिरी गाभा कमी असतो. साग टिकतो तो गाभ्यामुळे. पांढुरक्या भागाला वाळवी लागते, भोकं पाडणारा किडाही लागतो. तेव्हा आरामशिनीवर चिरताना पांढरं लाकूड वेगळं काढायला सांगा. मग हाती किती उरतं ते पाहून ठरवा. बऱ्याचदा चौकटीचा सव्वा घनफूटही एका झाडातून पुरा निघत नाही.

दुसरी अट वाळवण्याची. दीड इंची लाकूड सावलीत, थरांमध्ये काड्या घालून रचलं, तर नीट वाळायला वर्ष-दीड वर्ष लागतं. उन्हात टाकून महिनाभरात वाळवलेलं लाकूड टोकांना फाटतं. टोकांना डांबर किंवा जुना ऑइलपेंट फासला तर फाटणं कमी होतं.

यंदाच आलमारी हवी असेल तर लाकडाच्या टालावरून वाळलेला साग घ्या किंवा प्रश्न ८ पाहा. आलापल्ली, बल्लारशाह, परतवाडा भागात लाकडाचे लिलाव होतात, पण तिथे माल लॉटने विकला जातो. सव्वा घनफुटासाठी तिकडे जाण्यात अर्थ नाही.

७. स्वतःच्या शेतातलं झाड तोडायलाही परवानगी लागते?

सागाला लागते. महाराष्ट्र झाडे तोडणे (विनियमन) अधिनियम, १९६४ च्या यादीत साग, आंबा, मोह, चिंच, बीजा, हळदू, ऐन, जांभूळ अशी झाडं आहेत, आणि ती मालकीच्या जमिनीत असली तरी विनापरवाना तोडता येत नाहीत. सातबारा, त्यावरची झाडांची नोंद आणि ओळखपत्र घेऊन वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याच्या कार्यालयात जा. तोडीची परवानगी आणि तोडलेला माल गाडीने नेण्याचा वाहतूक परवाना, हे दोन वेगळे कागद आहेत. झाड तोडायची परवानगी आहे म्हणून ट्रॉली भरून निघालात आणि वाहतूक परवाना नसेल, तर माल जप्त होऊ शकतो.

टालावरून घेतलेल्या लाकडाचंही पक्कं बिल जपून ठेवा.

८. जुनं कवेलूचं घर पाडलं. त्याची नाटं, मयाल (छताच्या तुळया), चौकटी वापरता येतील?

याहून चांगलं आणि स्वस्त लाकूड बाजारात मिळणार नाही. वर्षानुवर्षं वाळलेला साग आता फारसा आकसत नाही, वाकत नाही. पण चिरायच्या आधी तीन गोष्टी करा.

खिळे शोधा. जाड लोहचुंबक दोरीला बांधून चारही बाजूंनी फिरवा. खिळा राहिला तर आरामशिनीचं पातं जातं, म्हणून पुष्कळ आरामशीनवाले जुनं लाकूड घेतच नाहीत. खिळे काढून दाखवले की घेतात. मग भिंतीत गाडलेली टोकं फूट-दीड फूट कापून टाका, कूज आणि वाळवी तिथेच असते. आणि लाकडावर टाचणीच्या डोक्याएवढी भोकं असतील तर ते ठोकून पाहा. बारीक पिठासारखा भुसा गळला, तर किडा आत जिवंत आहे. तो तुकडा आलमारीला नको, चुलीला द्या.

९. साग सोडून निंब, बाभूळ, आंबा यांचं काय?

बाभूळ बळकट आहे पण जड, आणि नीट वाळली नाही तर पिळते. चौकटीला चालेल, पल्ल्याला नको. कडुनिंबाला कीड कमी लागते, पण चिरा फार पडतात. आंब्याला किडा लवकर लागतो, तो खोके आणि फळ्यांपुरताच ठीक. निलगिरी वाकते, सुबाभळीला किडा लागतो. शिवण मिळाली तर सोडू नका: हलकी, वाळल्यावर सरळ राहणारी आणि सागापेक्षा स्वस्त. तिच्या फळीचे पल्ले चांगले होतात.

१०. आमच्याकडे वाळवी फार आहे. लाकडाला औषध मारलं की झालं ना?

नाही. बहुतेक वाळवी लाकडात जन्मत नाही, ती जमिनीतून येते. फरशी आणि भिंतीच्या सांध्यातून मातीची नळी बांधत ती वर चढते. तेव्हा आधी तिची वाट बंद करायची.

आलमारी बसवण्याआधी फरशी-भिंतीच्या सांध्यालगत दर १ फुटावर १२ मिमीचं भोक पाडा आणि प्रत्येक भोकात सुमारे १ लिटर द्रावण सावकाश सोडा. इमिडाक्लोप्रिड ३०.५ टक्के असेल तर १ लिटर पाण्याला २.१ मिली. क्लोरपायरीफॉस २० टक्के असेल तर १ लिटर औषधाला १९ लिटर पाणी. मग भोकं सिमेंटने बुजवा. बाटलीवरच्या लेबलमध्ये वेगळं प्रमाण दिलं असेल, तर लेबल खरं मानायचं. हातमोजे आणि तोंडाला मास्क हवाच. काम होऊन वास जाईपर्यंत धान्य, भांडी आणि लेकरं त्या खोलीत नकोत. घराला लागून विहीर असेल तर हे काम स्वतः करू नका, जाणकाराला विचारा.

कपाशीवरच्या फवारणीतून उरलेलं कोणतंही औषध सैपाकघरात आणू नका. शेतातली काही औषधं श्वासातून आणि कातडीतूनही भिनतात. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून झालेली विषबाधा सगळ्यांच्या ध्यानात आहे. आलमारीच्या आतल्या, डबे टेकणाऱ्या बाजूला तर कुठलंच कीटकनाशक लावायचं नाही.

चौकटीची खालची पट्टी फरशीला टेकवू नका. ४ इंचांचा विटेचा किंवा दगडाचा पाया करून त्यावर टेकवा. मग नळी चढली तरी डोळ्यांना दिसते. दर महिन्याला खणाचा मागचा कोपरा बॅटरीने पाहायचा.

११. उन्हाळ्यात केलेले पल्ले पावसाळ्यात अडकतात. काय चुकतं?

मे महिन्यात चंद्रपूर-नागपूरकडे पारा ४५ अंशांपुढे जातो आणि हवा कोरडी ठणठणीत असते. तेव्हा लाकूड आकसलेलं असतं. सुतार तेव्हाच्या मापाने घट्ट पल्ला बसवतो आणि श्रावणात तो फुगून चौकटीला घासतो. उलट, ऑगस्टात बसवलेल्या पल्ल्यांमध्ये मे महिन्यात फटी पडतात. लाकूड रुंदीत हलतं, लांबीत जवळपास नाही.

अख्ख्या लाकडाचं काम दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंत करा. उन्हाळ्यातच करायचं असेल तर पल्ल्याच्या बाजूला ३ मिमी फट सोडा. चौकटीत फळी बसवलेला पल्ला असेल तर फळी खाचेत सुटी राहू द्या, गोंद फक्त चौकटीच्या सांध्यांना. फळीला गोंद लावला की ती फुगताना चौकट तरी उकलते, नाहीतर स्वतः फाटते.

अडकलेला पल्ला पावसात रंधू नका. दसऱ्यापर्यंत थांबा. पावसात रंधलेला पल्ला उन्हाळ्यात बोटभर फट दाखवतो.

प्लायच्या पल्ल्याला हा त्रास फारसा नाही. तो अडकत असेल तर दोष बिजागरीत किंवा चौकटीत शोधा (प्रश्न १२ आणि १७).

१२. बिजागऱ्या कोणत्या? दुकानात ‘झिरो, आठ, सोळा’ विचारतात.

ते बिजागरीच्या बाकाचं माप. झिरो म्हणजे पल्ला चौकटीवर पूर्ण चढणारा, आठ म्हणजे अर्धा चढणारा, सोळा म्हणजे चौकटीच्या आत बसणारा. मधल्या उभ्या लाकडाची समोरची बाजू दीड इंच, म्हणजे ३८ मिमी असेल, तर दोन्हीकडचे पल्ले त्यावर १४–१७ मिमी चढून मधे फट उरते. म्हणजे सगळीकडे झिरोच लागते. मधे नुसती १८ मिमीची प्लाय उभी केली असेल तर तिथे आठ नंबर लागेल. चुकीचा नंबर आणला की सुतार पल्ला कापून जुळवतो आणि मायक्याची कड उघडी पडते.

बिजागरीची वाटी ३५ मिमीची असते. पल्ल्याच्या कडेपासून ४–५ मिमी सोडून भोक पाडतात. पिवळट मुलामा दिलेलं लोखंड दोन-तीन पावसाळ्यांत गंजतं. सिंकजवळ तरी ३०४ दर्जाच्या स्टीलची घ्या. हळू मिटणारी बिजागरी ही चैन आहे, साधी चांगल्या स्टीलची पुरते.

ड्रॉवर हवा असेल तर टेलिस्कोपिक चॅनलला (ड्रॉवर ज्यावर सरकतो ती पट्टी) दोन्हीकडे १३-१३ मिमी जागा लागते. म्हणजे खणाच्या आतल्या मापातून २६ मिमी वजा करून पेटी करायची. सर्वात जास्त चुका याच मापात होतात. ड्रॉवर एक-दोनच ठेवा. दर ड्रॉवरमागे खर्च पल्ल्याच्या दुपटीच्या आसपास जातो.

१३. मायका, पॉलिश की जवसाचं तेल?

प्लायला मायका. फोडणीचे डाग ओल्या फडक्याने निघतात. चकचकीतपेक्षा मॅट घ्या, ओरखडे कमी दिसतात. कडेची पट्टी तालुक्याच्या ठिकाणी मशीनवर दाबून मिळत असेल तर तिथूनच लावून घ्या. हाताने चिकटवलेली पट्टी उन्हाळ्यात सुटते.

सागाच्या चौकटीला मेलामाइन किंवा पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिशचे दोन हात. लाखेचं पॉलिश दिसायला सुंदर, पण गरम भांडं आणि पाणी यांनी पांढरे डाग पडतात, म्हणून ओट्याजवळ नको. जवसाचं कच्चं तेल लावता येतं, पण एक हात वाळायला कित्येक दिवस जातात, आणि वाळवीला ते अडवत नाही. पातळ लावा, तासाभराने पुसून घ्या. पुसलेली चिंधी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. तेल वाळताना तापतं आणि चिंधी आपोआप पेट घेऊ शकते. उघडी पसरून घराबाहेर मोकळ्या हवेत वाळवा.

१४. वरची लटकती आलमारी मातीच्या भिंतीवर बसेल का?

नाही. मातीची भिंत खुंटी धरते, भरलेली आलमारी धरत नाही. तिथे जमिनीवर उभी आलमारी करा.

९ इंची विटेची भिंत असेल तर आधी ३ × १ इंचाची सागाची पट्टी आडवी बसवा. ३ फुटांच्या पेटीला १० मिमीचे ४ फास्टनर (भिंतीत घट्ट होणारे बोल्ट), आणि भोक विटेत पाडा, सांध्यात नको. पट्टीवर पेटी टेकवून आतून स्क्रू मारा. पेटीची खोली १२ इंच, ओट्यापासून उंची २४ इंच. तांदूळ-डाळीचे मोठे डबे आणि पितळी भांडी खालच्या खणात, वर हलकं सामान.

१५. सिलिंडर ओट्याखाली पल्ल्याआड ठेवला तर चालतो का?

बंद कपाटात सिलिंडर ठेवू नये, अशीच सुरक्षेची सूचना आहे. गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर खाली साचतो. त्या खणाला पल्ला लावूच नका, पडदाही नको. पल्ल्यांच्या चार खणांत एक उघडा खण विचित्र दिसतो, पण तो तसाच राहू द्या. सिलिंडर उभा आणि शेगडीपेक्षा खाली हवा.

१६. सुतार स्क्वेअर फुटाचा भाव सांगतो. दोन भाव एकमेकांशी कसे ताडायचे?

आधी विचारा, फूट कशाचे? समोरच्या पल्ल्याचे की आतल्या कप्प्यांसकट सगळ्या प्लायचे? एकच काम पहिल्या पद्धतीने २५ फूट भरतं आणि दुसऱ्या पद्धतीने त्याच्या तिप्पट. ‘विथ मटेरियल’ भाव असेल तर प्लायची जात आणि जाडी, आतला मायका, बिजागरीचं स्टील आणि कडेची पट्टी कागदावर लिहून घ्या. यातली एखादी गोष्ट ‘बघू नंतर’ म्हणून राहिली तर तिथेच हलका माल लागतो. शक्य असेल तर प्लाय, मायका आणि बिजागऱ्या स्वतः पक्क्या बिलावर आणा आणि सुताराला फक्त मजुरी द्या. प्रश्न २ मधली यादी त्यासाठीच दिली आहे.

१७. घर काळ्या मातीत आहे, भिंतींना भेगा पडतात. आलमारी दरवर्षी बिघडते. प्लाय बदलून फायदा होईल?

नाही, प्लायचा यात दोष नाही. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते, आणि हलक्या पायाचं घर तिच्याबरोबर हलतं. ओटा भिंतीत घुसवून बांधलेला असेल तर भिंतीसोबत कडप्पाही तिरका होतो. चौकट चौरस राहत नाही आणि पल्ले एकमेकांवर चढतात.

अशा घरात चौकट दोन्ही टोकांना भिंतीशी जखडू नका. एका टोकाला बसवा, दुसऱ्या टोकाला १० मिमी फट सोडून वर सुटी पट्टी लावा. बिजागरी चार दिशांनी सरकवता येणारी घ्या, म्हणजे पावसाळ्यानंतर पेचकसने पल्ले पुन्हा ओळीत आणता येतात. १० फुटांची एक सलग चौकट करण्यापेक्षा ४ आणि ६ फुटांच्या दोन वेगळ्या करा. भिंतीची भेग पेटीच्या मागे जात असेल तर तिथे लटकती आलमारी नको. आणि भेग रुंदावतच असेल, तर आलमारीचं काम थांबवून आधी पाया पाहून घ्या.